गोकुळदासाची थंड खोली

आमच्या कोरगावात गोकुळदास दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक, तो बोलत नाही. दुसरी, कोणी वस्तू टाकून दिलेली त्याला बघवत नाही. मोडका पंखा, गंजलेली सायकल, लग्नाच्या मांडवातली उरलेली लोखंडी कमान, सगळं त्याच्या माडांखाली येऊन पडतं आणि काही दिवसांनी भलतंच काहीतरी होऊन उभं राहतं. मी त्याची शेजारीण, शालिनी. माझं आयुष्य अंगणवाडीतल्या पोरांना रांगेत बसवण्यात गेलं, म्हणून मोठ्या माणसांनाही मी रांगेत बसवायला बघते. ती बसत नाहीत, हा भाग वेगळा.

तरुणपणी गोकुळदास डिचोलीकडच्या खाणीवर यंत्र चालवायचा. खाणी बंद पडल्या तेव्हा बरीच माणसं घरी बसून शिव्या देऊ लागली. हा शिव्या न देता केरीला गेला आणि होड्यांना फायबर लावायला शिकला. आता समुद्रातली होडी असो की मयेच्या तळ्यावरची पायाने मारायची बोट असो, गोकुळदासाने ठिगळ लावलं की पाण्याचा थेंब आत येत नाही. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही, हे त्याचं कसब. मला ह्या कसबाचं फार कौतुक होतं.

त्याची बायको पद्मावती लाटंबार्स्याची. एकुलती एक मुलगी नोकरीला पुण्यात गेल्यावर ह्या बाईने घरामागे आबोलीचे वाफे केले आणि दिवसभर तिथेच. वळेसर, म्हणजे आबोलीचे गजरे, असे घट्ट ओवायची की दुसऱ्या दिवशीही फूल गळत नसे. तीन वर्षांपूर्वी एका एप्रिलात ती विहिरीवरून कळशी घेऊन येताना खाली बसली ती उठेचना. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला. अंग तापलं की पायांतली शक्ती जाणार, गारव्यात परत येणार. मात्र प्रत्येक वेळी थोडं थोडं जाईल आणि गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, म्हणून उकाडा टाळा, असं ते म्हणाले. गोव्यात राहून उकाडा टाळा म्हणजे पाण्यात राहून ओलं होऊ नका म्हणण्यासारखंच झालं. पण डॉक्टर खोटं बोलले नव्हते. थंडीत पद्मावती माझ्याबरोबर देवळापर्यंत चालत यायची आणि चैत्र लागला की उंबरठा ओलांडायला तिला दाराची चौकट धरावी लागायची. दर उन्हाळ्यानंतर ती थोडी कमी चालायची. हे मी डोळ्यांनी बघत होते आणि मला रडू यायचं.

एका खोलीत एसी बसवायचा एवढंच करायचं होतं. पण ते घर कौलारू. आमच्याकडच्या जुन्या घरांसारख्या आतल्या भिंती कौलांपर्यंत जातच नाहीत, वर हातभर मोकळ्या. वारा खेळतो, धूर जातो आणि इकडच्या खोलीतलं बोलणं तिकडे ऐकू येतं. अशा खोलीत एसी लावला तर गारवा कौलांतून उडून जाणार. आधी छत मारायला हवं होतं. आणि छताला गोकुळदासाच्या थोरल्या भावाने, अनंतदादाने, साफ नकार दिला.

"घराच्यो वांटण्यो जावंक नात," तो म्हणाला. "भयणींच्यो सह्यो नासतना हांगा खिळो मारूचो ना."

बहिणींच्या सह्यांचं निमित्त होतं. अनंतदादाने लग्न केलं नाही. माड, काजू आणि हे घर एवढाच त्याचा संसार. तो आपल्या खोलीत खोकला की भिंतीवरून गोकुळदासाचा आवाज यायचा, "दादा, पाणी जाय?" छत घातलं की तो आवाज बंद होणार. म्हातारपणी माणूस कशाकशाला घाबरतो हे तो सांगत नाही, सह्यांचं सांगतो. मला हे कळत होतं, तरी मला त्याचा राग यायचा. मी तोंडावर बोलले, "अनंतदादा, तुज्या कौलांपरस तिचे पाय व्हडले." त्याने कोयता उचलला आणि तो माडांकडे निघून गेला.

पद्मावती मात्र काहीच बोलली नाही. ती बोलणारही नव्हती. मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही ही तिच्या माहेरची रीत आणि तिने ती लग्नापासून पाळली. भावजींना जेवायला बोलवायचं तर ती भांडं वाजवायची. त्यांना काही विचारायचं तर गोकुळदासाला सांगायची, तो नसला तर मला. तोही खाकरल्याशिवाय आत यायचा नाही. एका छपराखाली राहणाऱ्या दोन माणसांमध्ये मी टपाल वाटत होते.

गोकुळदास भावाशी भांडला नाही. समुद्राकडे तंबूंचा धंदा करणाऱ्या एका परक्या माणसाने चाकांवरची एक छोटी फायबरची खोली आणली होती. आत एक पलंग, एक कपाट, हात धुवायला वाटीएवढं सिंक. धंदा बसला तेव्हा जाताना तो गोकुळदासाला म्हणाला, हवी तर ओढून ने. ट्रॅक्टरमागून ती डुलत डुलत आमच्या वाड्यावर आली तेव्हा सगळी पोरं मागून धावत होती. पांढरी, गोल, कोपरा म्हणून कुठे नाही. पोरांनी तिचं नाव लगेच अंडं ठेवलं.

"गोकुळदास," मी म्हटलं, "ह्या अंड्यात बायलेक उबवतलो काय रे?"

तो हसला नाही. आता मला वाटतं, मी ते बोलायला नको होतं.

त्याने ती खोली माडांच्या सावलीत, विहिरीच्या अलीकडे लावली. चाकांना दगड दिले. मग कामाला लागला. मी रोज काहीतरी निमित्त काढून बघायला जायची. खिडकीत बसवतात तसला लहान एसी त्याने म्हापशाहून आणला होता. तो छपरावर चढवायचा विचार त्याने पहिल्याच दिवशी सोडला. कवच पातळ, यंत्राच्या वजनाने खचलं असतं आणि थरथरीने चिरलं असतं. म्हणून मागचं कपाट रिकामं करून त्याने लोखंडी पट्ट्यांचा चौथरा केला आणि तो खाली चाकांच्या सांगाड्याला बोल्टने आवळला, म्हणजे भार फायबरवर येऊ नये. मग भोक पाडायचं. फायबरवर चिकटपट्टी लावून तिच्यावर त्याने रेघ मारली, कापताना वरचा गुळगुळीत थर उडू नये म्हणून. कटर हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. इतकी वर्षं भोकं बुजवली होती, पाडलं हे पहिलंच.

यंत्र बसवलं ते मागे किंचित उतार देऊन, पाणी आत न येता बाहेर गळावं म्हणून. कडेने रबराच्या पट्ट्या, वरून सिलिकॉन. आतून सगळ्या कवचाला थर्माकोल, त्यावर चकचकीत कागद. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. दाराला रबर लावलं, इतकं घट्ट की ओढताना चप्प असा आवाज यायचा. आमच्याकडची वीज संध्याकाळी दम टाकते, म्हणून स्टॅबिलायझर बसवला. सगळं झाल्यावर त्याने पद्मावतीला मागे नेलं आणि यंत्राची बाहेर आलेली पाठ दाखवली. माझ्या माहितीत तो एका दमात इतका कधी बोलला नव्हता.

"आतली बाजू बंद जाय, पाठ मोकळी जाय. हो बाजूच्या फटींतल्यान वारो ओडता आणि पाठल्यान गरम सोडता. ह्याची पाठ दडपली की हो मेलो म्हणान समज."

गावाने आपलं काम केलंच. बायकोला घराबाहेर घातली, अशी कुजबूज सुरू झाली. पूर्वी बायकांना महिन्याचे चार दिवस बाहेर बसवायचे, त्यावरून कोणीतरी वाईट बोललं आणि ते पद्मावतीच्या कानावर गेलं. पहिल्या दिवशी ती दारापर्यंत गेली आणि रडत परत आली. दुसऱ्या दिवशी उकाडा असा होता की कावळासुद्धा ओरडत नव्हता. तिने आबोलीची परडी उचलली, मला म्हणाली, "चल गो बाय, लोकांक उलवंदी," आणि लोकांना बोलू देत आत जाऊन बसली. मी बरोबर बसले. दुपारभर आम्ही वळेसर ओवले. मला तर कुडकुडायला झालं. मग ती उठली, कशालाही हात न लावता दाराच्या दोन पायऱ्या उतरली आणि तुळशीपर्यंत चालत गेली. मे महिन्याच्या दुपारी. तुळशीला वळेसर घालून वळली तेव्हा तिचा चेहरा मी बघितला. त्या दिवशी मी गोकुळदासाला मनातल्या मनात शंभर वर्षं आयुष्य दिलं.

हे अनंतदादानेही बघितलं. तोवर तो त्या खोलीच्या जवळूनसुद्धा जात नव्हता, विहिरीवर जायला लांबचा फेरा घ्यायचा. त्या दुपारी तो व्हरांड्यात उभा होता. दुसऱ्या दिवसापासून माडाच्या झावळ्या, म्हणजे आमची चुडतां, भिजत घालून विणायला बसला. घराला आडोसा बांधायचे दिवस होतेच. मिरगाच्या आधी पश्चिमेच्या भिंतींना विणलेली चुडतां बांधली नाहीत तर पावसाची झड भिंत खाऊन टाकते. पण ह्या वेळी त्याने नेहमीपेक्षा बरीच जास्त विणली. कोणासाठी ते मला कळलं नाही.

गोकुळदास मयेला बोटी दुरुस्त करायला गेला होता त्या दिवशी अनंतदादाने ती चुडतां खांद्यावर घेतली आणि थेट त्या खोलीकडे गेला. बाहेर खाकरला. आत पद्मावती पलंगावर पडली होती, एसी चालू होता. त्याने आधी निळं प्लास्टिक टाकलं, त्यावर चुडतां लावली आणि ओल्या सुंभाने आवळून बांधली. दाराची बाजू तेवढी सोडली. बाकी तिन्ही बाजू, जमिनीपासून वर गोलाईपर्यंत. घराला बांधतो तसंच, उलट घरापेक्षा जास्त मायेने. पावसाची झड पश्चिमेकडून येते आणि त्या खोलीची पश्चिम म्हणजे तिची पाठ. तिथे त्याने दुहेरी बांधलं.

पद्मावतीला आतून सगळं ऐकू येत होतं. सुंभ ओढल्याचा आवाज, त्याचा श्वास, मागे गेलेली पावलं. तिला गोकुळदासाचं बोलणं आठवलं. पण भावजी तिच्या भिंतीला पहिल्यांदाच हात लावत होते. तीन वर्षं ज्या माणसाने मान वळवली, तो स्वतःच्या हाताने तिच्यासाठी आडोसा बांधत होता.

"कसा सांगू गो तांका?" ती मला नंतर हॉस्पिटलात म्हणाली. "सोडा म्हणान? म्हटलां, सांजेक हे येतले, भावजी फाटी वळले की गुपचूप सैल करतले."

संध्याकाळ व्हायला अजून खूप अवकाश होता. पाठ दडपलेल्या यंत्राने थोडा वेळ तग धरला. मग गार करायचं काम बंद पडलं आणि नुसता पंखा फिरत राहिला. घुं घुं आवाज चालू, म्हणून बाहेरून कोणालाही वाटावं, आत गारवा आहे. प्लास्टिकखाली ती खोली तापत गेली. गोकुळदासाने एकही फट ठेवली नव्हती. पद्मावती उठायला गेली तेव्हा पाय नव्हते. दारापर्यंत सरपटली तोवर हातही गेले. फोन घरात चार्जिंगला. हाक मारली ती थर्माकोलने गिळली.

अनंतदादा तेव्हा व्हरांड्यात सुंभाची उरलेली टोकं गुंडाळत बसला होता, दोन माडांच्या अंतरावर. घरात असती तर तिचं कण्हणं त्याला भिंतीवरून ऐकू आलं असतं. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

मी गेले ते तिच्या जेवणासाठी आंब्याचं सासव घेऊन. लांबून तो आडोसा दिसला आणि मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारा विरघळला एकदाचा. यंत्राचा आवाज येत होता. दार ओढलं, चप्प आवाज झाला आणि आतली वाफ माझ्या तोंडावर आली. पद्मावती दाराशीच पडली होती. डोळे उघडे, ओठ हलत होते, आवाज नव्हता. अंगाला हात लावला तर चटका बसला. मी अनंतदादाला हाक मारली ती साऱ्या वाड्याने ऐकली. तो धावत आला, खाकरला नाही, कसली रीत आणि कसलं काय, त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि विहिरीवर नेलं. मी पाणी ओतत होते, तो तिचं डोकं धरून बसला होता आणि सारखं म्हणत होता, "देवा रवळनाथा, माजी भयण गो ती." त्याला बहिणी होत्या, त्यांच्या सह्यांसाठी तो अडून बसला होता. पण हा शब्द त्याने पद्मावतीसाठी वापरला.

बांबोळीला ती बरेच दिवस होती. जीव वाचला. उजवा पाय हळूहळू परत आला. डाव्याची आशा फारशी धरू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

गोकुळदास मयेहून थेट तिथे आला होता आणि तिथेच राहिला. मी डबा घेऊन जायची. तो बाकावर बसून आपल्या हातांकडे बघायचा. "वयनी, म्यांच तिका पेटयेत घातली," तो एकदा म्हणाला. "यंत्र ल्हान पडलां आसतलां. नायतर म्यां वायर चुकयली." घरी गेल्यावर ती खोली तोडून भंगारात द्यायची, असं त्याने ठरवलं. पद्मावती सगळं ऐकत होती. खरं कारण तिला माहीत होतं, आणि तिने मला सांगितल्यापासून मलाही. मी म्हटलं, सांग त्याला, नाहीतर मी सांगते. तिने माझा हात धरला. "सांगलां तर भाव भावाचां तोंड पळोवचो ना." म्हणून नवरा स्वतःला खात राहिला आणि ती गप्प राहिली. मला दोघांचाही राग येत होता आणि दोघांचीही कीव.

घरी आणलं त्या दिवशी जून लागला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता. हवा अशी की श्वास घेतला तरी घाम यायचा. गाडी अंगणात थांबली. मी पद्मावतीजवळ मागे बसले होते. अनंतदादा बाहेर आला. अंगण सारवलेलं, विहिरीजवळ नवी दोरी. पद्मावती जिवंत परत आली म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. तो गोकुळदासाला म्हणाला, "आतां पावस इलो तरी भियां नाका. सगळां घट्ट बांदून दवरलां."

गोकुळदासाने तेव्हा पहिल्यांदा तो आडोसा बघितला. तो तडक खोलीच्या मागे गेला. मी उतरून त्याच्या मागे गेले. यंत्राच्या पाठीवर दुहेरी चुडतां होती, खाली प्लास्टिक, सुंभाचे वेढे वाळून दगड झालेले. बोट घालायला जागा नव्हती. गोकुळदासाने तिथे हात ठेवला. हॉस्पिटलच्या बाकावरचे सगळे दिवस त्याच्या चेहऱ्यावर चढत गेले. मग त्याने धुण्याच्या दगडावरचा कोयता उचलला. तो सुंभ कापायला उचलला की कशाला, ते मी आजही सांगू शकत नाही. मी घाबरले.

"अरे, कित्याक सोडतां?" अनंतदादा जवळ येत म्हणाला. "पावस येयत आतां."

गोकुळदास वळला.

"भावजी," गाडीतून आवाज आला.

मी ह्या घरात इतकी वर्षं ये-जा करते, पण तिच्या तोंडून त्याच्यासाठी ही हाक मी कधी ऐकली नव्हती. दोघेही जागच्या जागी थांबले. पद्मावती गाडीच्या दाराला धरून उभी होती, एका पायावर.

"भावजी, तुमी मायेन बांदलां, माका खबर आसा. पूण त्या यंत्राची पाठ मोकळी जाय. ती दडपली, म्हणान त्या दिसा तां बंद पडलां. ह्यांचां काय चुकलां ना." तिला धाप लागली, तरी ती थांबली नाही. "माका तेन्नाच सांगूक जाय आशिल्लां. तुमी भायर आशिल्ले, मी भितर. मी सांगूक ना."

अनंतदादा तिच्याकडे बघत राहिला. मग त्या चुडतांकडे, मग तिच्या डाव्या पायाकडे. त्याला समजायला वेळ लागला आणि समजलं ते मला बघवलं नाही, मी मान फिरवली.

त्याने पुढे होऊन गोकुळदासाच्या हातातला कोयता काढून घेतला आणि खाली ठेवला. मला वाटलं आता तो घरात जाईल. तो खोलीच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि गाठी सोडायला लागला. कापल्या असत्या तर क्षणाचं काम. पण तो नखांनी सोडत होता, आणि वाळलेला सुंभ सुटत नव्हता. नखातून रक्त आलं. गोकुळदास नुसता उभा होता. बऱ्याच वेळाने तो वाकला आणि दुसरं टोक धरलं. दोघे भाऊ गाठीमागून गाठ सोडत गेले.

शेवटचं चुडत खाली पडलं. पद्मावतीला मी आणि गोकुळदासाने धरून खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि गोकुळदासाने बटण दाबलं. यंत्र थरथरलं आणि चालू झालं. हळूहळू गारवा यायला लागला. तिने डोळे मिटले.

मी बाहेर येऊन मागे गेले. अनंतदादा अजून तिथेच होता, यंत्राच्या पाठीसमोर. खोलीतला सगळा उकाडा त्याच्या तोंडावर येत होता, चुडतांचा भुसा उडून त्याच्या केसांत बसत होता.

"अनंतदादा, बाजूक सर," मी म्हटलं. "गरम लागता."

"लागूं दी," तो म्हणाला आणि तिथून हलला नाही.